शेजारच्या आसनावरून

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. या विषयावर माझ्याहून चांगले लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत आणि त्यांचे लेख याच अंकात वाचकांना भेटतील. शाळेने मला जे दिले, त्यातील एक देणगी मात्र चालती-बोलती आहे आणि गेली २४ वर्षे ती अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात परिचारिका म्हणून काम करते. पाचवी ते दहावी आम्ही दोघी मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहिलो. आमच्या ट्रंका एकीवर एक ठेवलेल्या असत. खालची तिची, त्यामुळे तिला साधा रुमाल काढायचा झाला तरी आधी माझी ट्रंक उचलावी लागे. सहा वर्षे तिने ती विनातक्रार उचलली. गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघींनी अमेरिका हा देश पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोटारीने पार केला. सोळा दिवस आणि सुमारे ३,३०० मैल, म्हणजे साधारण ५,३०० किलोमीटर. त्या प्रवासाविषयी लिहिण्याची परवानगी मी संपादकांकडून मागून घेतली आहे.

मला मोटार चालवता येत नाही, त्यामुळे सारे सारथ्य तिचे. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्याकडे चालक जिथे बसतो, त्या उजव्या जागेवर मी हात मांडीवर ठेवून बसले होते. पहिल्या दिवशी मला वाटले, आपल्याला काही काम नाही. दुसऱ्या दिवसापासून कामे दिसू लागली. पुढचा फाटा किती मैलांवर आहे ते पाटीवर वाचून सांगायचे, टोलची आणि पेट्रोलची नोंद वहीत करायची, संत्रे सोलून एकेक फोड तिच्या हातात द्यायची, थर्मासमधला चहा अर्धाच कप ओतायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण झोपायचे नाही. शेजारचा माणूस पेंगला की चालवणाऱ्याचेही डोळे जड होतात, हे तिने रुग्णालयातल्या रात्रपाळीवरून मला सांगितले होते. इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या सोळा दिवसांत जे जे पाहिले ते या शेजारच्या आसनावरून पाहिले, आणि म्हणूनच कदाचित मला सगळीकडे शेजारी बसलेली माणसे दिसत राहिली.

प्रवासाचा प्रारंभ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठापासून करायचा, हा तिचा आग्रह. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये त्या शहरात पोहोचले तेव्हा २२ वर्षांचे होते. १९१६ पर्यंतच्या त्यांच्या तेथील अध्ययनाविषयी, प्रा. सेलिग्मन आणि प्रा. ड्यूई या गुरूंविषयी आपण जयंतीच्या व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. लेहमन ग्रंथालयातील अर्धपुतळ्यासमोर उभी असताना मला मात्र नवल भथेना आठवले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात बाबासाहेबांना लाभलेला हा पारशी मित्र पुढे आयुष्यभर त्यांचा मित्र राहिला. वसतिगृहात जुळलेल्या मैत्रीचे मोल आपल्या शाळेच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

विद्यापीठाच्या उंचवट्याला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती आहे. तेथे राहणारे व्हिक्टर ग्रीन हे व्यवसायाने पोस्टमन. १९३६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल आपल्याला खोली देईल, कोणत्या खाणावळीत जेवण मिळेल, कोठे पेट्रोल मिळेल आणि कोणता न्हावी आपले केस कापील, याची ती यादी होती. पत्ते कळवणारे बहुतेक स्वतः प्रवासी होते किंवा ग्रीन यांच्यासारखे टपाल खात्यातले लोक. 'ग्रीन बुक' या नावाने ओळखली जाणारी ही पुस्तिका जवळपास तीस वर्षे निघत राहिली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर तिची गरज संपत गेली. मोटार स्वतःची, पैसा खिशात, रस्ता सरकारी, तरीही रात्री पाठ कोठे टेकायची हे माहीत नसेल तर माणूस घराबाहेर पडू शकत नाही. एका पोस्टमनने हे ओळखले आणि कधीही न भेटलेल्या हजारो माणसांची तो सोबत झाला.

ही हकीकत वाचताना आपल्या माणसाच्या मनात मसूर स्टेशन येणारच. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले, स्टेशनवर उतरले आणि जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. अट अशी की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालेल. पिण्याच्या पाण्यावाचून त्या मुलांनी रात्र काढली. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात ती शिकवताना माझे लक्ष नेहमी पाण्याकडे जाई. अमेरिकेच्या रस्त्यावर ते प्रथमच त्या मोकळ्या आसनाकडे गेले. भाडे घेतले, गाडी दिली, बैल दिले. शेजारी बसणे तेवढे नाकारले.

वॉशिंग्टन पाहून आम्ही दक्षिणेकडे वळलो. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांना क्रमांक आहेत. पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते सम, दक्षिण-उत्तर जाणारे विषम. ही पद्धत कळल्यावर नकाशा माझ्या हातात बोलू लागला. हे जाळे विणण्याचा कायदा १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने झाला. १९१९ साली तरुण सैन्याधिकारी असताना त्यांनी वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत लष्करी गाड्यांच्या ताफ्याबरोबर प्रवास केला होता आणि त्या ताफ्याला ६२ दिवस लागले होते. चिखलात रुतलेल्या चाकांची आठवण त्यांनी जपली आणि अधिकार हाती आल्यावर रस्ता बांधला. हालअपेष्टा अनेकांच्या वाट्याला येतात. त्यांची आठवण ठेवून मागून येणाऱ्यांची वाट सोपी करणारे थोडे असतात.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे एका जुन्या दुकानाच्या इमारतीत संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी कृषी व तंत्र महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी या वूलवर्थ दुकानात आले. किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि मग केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या खानपानाच्या काउंटरवर बसून त्यांनी कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. २५ जुलैला तो काउंटर सर्वांना खुला झाला. या चौघांचा निश्चय वसतिगृहाच्या खोलीत रात्री गप्पा मारता मारता झाला होता, हे वाचून आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. दिवे मालवल्यावर होणाऱ्या गप्पांबद्दल आमच्या अधीक्षिका बाईंनी आम्हांला पुष्कळ शिक्षा केल्या आहेत. काउंटरवरच्या त्या खुर्च्या पाहताना मी मनाशी म्हटले, एकटा मुलगा कदाचित उठून गेला असता. डावीकडे मित्र आणि उजवीकडे मित्र असल्यावर माणूस बसू शकतो.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, हे आपण पाठ्यपुस्तकातून शिकतो. त्यानंतरची रात्र पाठ्यपुस्तकात नसते. जो अॅन रॉबिन्सन या महाविद्यालयीन शिक्षिकेने त्या रात्री एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना हाताशी धरून बसवरील बहिष्काराची हजारो पत्रके छापून काढली. मग ३८१ दिवस शहरातील कृष्णवर्णीय माणसे बसमध्ये चढली नाहीत. कामाला जाणाऱ्या मोलकरणी आणि मजूर पायी चालले. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी त्या वाटून घेतल्या. शेकडो खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून माणसे उचलत होत्या. मोटारीतली रिकामी जागा हेही लढ्याचे साधन होऊ शकते, हे मला तेथे उमगले.

मेम्फिसमधील लोरेन मोटेलच्या गच्चीवर, ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, आजही पुष्पचक्र असते. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना तेथे गोळी लागली. हे मोटेल 'ग्रीन बुक'मध्ये नोंदलेले होते, म्हणजे कृष्णवर्णीय प्रवाशाला हक्काने मिळणारा तो निवारा होता. आता तेथे नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. किंग त्या शहरात आले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारीला पावसात कचरागाडीच्या मागच्या भागात आसरा घेतलेले दोन कामगार तिच्या यंत्रात चिरडून मेले होते. सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत. त्यांच्या हातातील फलकांवर चारच शब्द होते, त्यांचा अर्थ 'मी माणूस आहे'. माझ्या मैत्रिणीचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्या फलकांच्या छायाचित्रासमोर ती बराच वेळ उभी होती. मी काही बोलले नाही; तिची पर्स तेवढी माझ्या हातात घेतली.

शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त थांबवून धरले ते लिटल रॉकने. तेथील सेंट्रल हायस्कूल आजही भरते. १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना या गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला. ४ सप्टेंबरला सर्वांनी एकत्र जायचे ठरले होते. पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नव्हता, तो निरोप तिला मिळाला नाही. ती एकटीच पोहोचली. राज्यपालांच्या हुकुमाने उभ्या असलेल्या सैनिकांनी तिला अडवले आणि मागे ओरडणारा जमाव होता. ती चालत बसथांब्यापर्यंत गेली आणि बाकावर बसली. बेंजामिन फाइन नावाचे एक वार्ताहर तिच्या शेजारी येऊन बसले. मग ग्रेस लॉर्च नावाची एक गोरी स्त्री, एकेकाळची शिक्षिका, पुढे झाली आणि एलिझाबेथबरोबर बसमध्ये चढली. पुढे सैन्याच्या संरक्षणात ती नऊ मुले शाळेत गेली. ते सैन्य पाठवणारे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच होते. पुढच्या शालेय वर्षी मात्र ही मुले शिकू नयेत म्हणून शहरातील सरकारी हायस्कुलेच बंद ठेवण्यात आली.

कोपऱ्यावर त्या बाकाची प्रतिकृती आहे. आम्ही दोघी तिच्यावर बसलो. समोर शाळा सुटत होती आणि सर्व रंगांची मुले दप्तरे हेलकावत चालली होती. मी विचार करत होते, त्या दिवशी ग्रेस लॉर्चकडे कोणता अधिकार होता? प्रवेश देणे तिच्या हाती नव्हते. जमाव पांगवणे, सैनिकांना हलवणेही नव्हते. एका मुलीबरोबर बस येईपर्यंत उभे राहणे आणि मग तिच्यासोबत जाणे एवढेच तिच्या हाती होते आणि तेवढे तिने केले. आपण शिक्षक अनेकदा परिस्थितीकडे बोट दाखवून हात झटकतो. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. बाकावरची शेजारची जागा आज रिकामी आहे.

आर्कान्सा आणि ओक्लाहोमा ओलांडले की झाडे विरळ होतात. टेक्सासच्या सपाटीवर रस्ता दोरीसारखा सरळ होतो, आकाश चारी बाजूंनी जमिनीला टेकते आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्या फिरत राहतात. तेथे एक टायर बसला. एका ट्रकचालकाने गाडी कडेला घेऊन वीस मिनिटांत चाक बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. आम्ही दिलेले शेंगदाण्याचे दोन लाडू मात्र आनंदाने खिशात टाकले.

त्या सपाटीवरच, पुन्हा मार्गाला लागल्यावर, मैत्रिणीने समोर पाहत विचारले, "आई शेवटी काय बोलली गं?"

तिच्या आईचे निधन होऊन अकरा वर्षे झाली होती. तेव्हा तिला येता आले नव्हते; व्हिसाची कागदपत्रे अडकली होती. आईच्या उशाशी त्या रात्री मी होते. अकरा वर्षांत शेकडो वेळा फोनवर बोलणे झाले, दोनदा ती गावीही येऊन गेली, पण हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. समोरासमोर बसलेल्या माणसांना जे विचारता येत नाही, ते शेजारी बसलेल्यांना येते. दोघांचेही डोळे रस्त्यावर असतात.

मी जसे घडले तसे सांगितले. रात्री दोनच्या सुमारास मावशींनी डोळे उघडले होते आणि मला विचारले होते, "तिकडं आता दिस हाय का रात?" मी म्हटले, "दिस हाय मावशी. ती कामावर हाय." त्या म्हणाल्या, "मग जेवली असंल." आणि त्यांनी डोळे मिटले. पुन्हा त्या बोलल्या नाहीत.

मैत्रीण काही बोलली नाही. वेग वाढला नाही, कमीही झाला नाही. पुढचा फाटा आल्यावर तिने गाडी विश्रांतिस्थानात घेतली, डबा मागितला आणि वाऱ्यात उभी राहून दोन पोळ्या भाजीसकट संपवल्या. त्यानंतर न्यू मेक्सिकोची हद्द लागली आणि तेथील नियमाप्रमाणे मी माझे मनगटी घड्याळ एक तास मागे केले.

ॲरिझोनाच्या सीमेवर विंडो रॉक हे नवाहो या मूळनिवासी राष्ट्राचे राजधानीचे गाव आहे. वाऱ्याने भोक पाडलेल्या एका लाल खडकावरून त्याला हे नाव पडले. त्या खडकाखाली सांकेतिक संदेश पाठवणाऱ्या नवाहो सैनिकांचे स्मारक आहे. १९४२ मध्ये २९ नवाहो तरुणांपासून या तुकडीची सुरुवात झाली. त्यांच्या भाषेवर आधारलेला संकेत जपानी सैन्याला उलगडता आला नाही. त्यांच्यातले कितीतरी जण ज्या निवासी शाळांत शिकले होते, तेथे हीच भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये अशी मोठी शाळा निघाली आणि तिच्या नमुन्यावर पुढे अनेक निघाल्या. मुलांना घरापासून दूर नेले जाई, त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात. या शाळा चालवणाऱ्यांना आपण मुलांचे भलेच करतो आहोत असे वाटत होते.

निवासी शाळेत वाढलेल्या आम्हां दोघींना तेथून चटकन निघता आले नाही. आमच्याही ट्रंका कोणीतरी घरातून उचलून वसतिगृहात आणून ठेवल्या होत्या. पण आमच्या अधीक्षिका बाई रविवारी भेटायला येणाऱ्या आयांना, त्यांच्या फाटक्या लुगड्यांसह, वर्गातल्या खुर्चीवर बसवत. आमची बोली त्यांनी कधी हसण्यावारी नेली नाही. सायंकाळच्या वंदनेनंतर प्रत्येकीने आपल्या गावची एक गोष्ट आपल्या भाषेत सांगावी, असा त्यांचा नेम होता. दोन्हींना निवासी शाळाच म्हणतात. एक शाळा मुलाच्या हातून स्टिअरिंग काढून घेते, दुसरी त्याच्या शेजारी जागी राहते. आपल्या शाळेची पन्नास वर्षे मी या मापाने मोजते आणि पुढच्या पन्नास वर्षांत शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांनीही तीच मोजपट्टी हाती धरावी, असे मला वाटते.

ग्रँड कॅनियनचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, ते मी करत नाही. मोहावीचे वाळवंट ओलांडून आम्ही लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिकाच्या धक्क्यावर पोहोचलो आणि रस्ता समुद्रात संपला. कॅलिफोर्नियाच्या ज्या हद्दीवरून आमची गाडी कोणी न अडवता आत आली, तेथे १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी पहारे बसवून दुष्काळाने आणि मंदीने देशोधडीला लागलेल्या गरिबांना परत पाठवले होते. त्यांच्यात गोरे शेतकरी आणि मजूरही होते. रस्ता अडवण्याला कधी रंग पुरतो, कधी जात, कधी नुसती गरिबी.

प्रवासवर्णनाच्या शेवटी उपदेश करू नये, असे मी मुलांना निबंध शिकवताना सांगते. त्याऐवजी एक सूचना करते. आपल्या शाळेच्या मुली आणि मुले आता परीक्षांसाठी, प्रवेशासाठी, नोकरीच्या मुलाखतीसाठी पुणे, मुंबई, नागपूर, दिल्लीला जातात. तेथे आडनाव ऐकून खोली नाकारणारी दारे अजून आहेत. या स्मरणिकेच्या अखेरीस दरवेळी माजी विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. तिच्यात नाव, बॅच आणि हुद्दा असतो. पुढील आवृत्तीपासून एक रकाना वाढवावा: 'माझ्या घरी दोन रात्री राहता येईल' किंवा 'स्टेशनवर घ्यायला येईन'. ज्यांना शक्य असेल त्यांनी होय लिहावे. यादी मुख्याध्यापकांकडे राहील आणि दहावीचा निकाल लागला की प्रत्येक मुलाला तिची एक प्रत मिळेल.

पहिली नोंद माझी धरावी. दुसरी न्यू जर्सीची आहे; तिने ती विमानतळावर मला निरोप देतानाच माझ्या वहीत लिहून दिली, आणि खाली एक ओळ जोडली: डबा मिळेल.